मॅग्नेशियमचा कंदील

शनिवार, २ एप्रिल १९६०. नळ पाच वीसला आला, सहा पन्नासला गेला. ह्यांचा खोकला कमी. दुपारी अडीचला गिरगावात पुस्तक समितीची पहिली बैठक. अध्यक्ष गंगाधरपंत, मी आणि आणखी दोघे. तीन पुस्तकं तपासायची आहेत. ट्राममध्ये छत्री विसरले होते, कंडक्टरनं हाक मारून परत दिली. घरी आल्यावर पाव शेर वाटाणे भिजत घातले.

वाटाणे उसळीसाठी नव्हते. मला त्यांचे अणू करायचे होते.

परळच्या एका कॉलेजात मी तेव्हा पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवत होते. आमची बहुतेक मुलं लालबाग, काळाचौकी, घोडपदेव इथल्या मराठी शाळांतून मॅट्रिक होऊन यायची आणि जूनमध्ये एकदम इंग्रजी व्याख्यानांपुढे बसायची. आम्लं, अल्कली, वायू इथपर्यंत कसंबसं निभावायचं. रेणूंची आणि स्फटिकांची रचना आली की वर्ग गप्प. मी फळ्यावर वर्तुळं काढायची, मुलं वहीत वर्तुळं काढायची, आणि मिठाचा खडा फोडला तर चौकोनीच का फुटतो हे कोणाला कळायचं नाही. शेवटी चार कॉलेजांनी मिळून ठरवलं की या विषयापुरतं एक छोटं पुस्तक मुख्य पुस्तकाच्या जोडीला द्यायचं. इंग्रजी असो नाहीतर मराठी, जे चांगलं असेल ते. निवड एप्रिलअखेर व्हायला हवी होती, म्हणजे जूनपर्यंत पुस्तकं हातात येतील.

तीन पुस्तकं आली होती. पहिलं इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं, दोन रंगांत चित्रं. दुसरंही इंग्रजी, जुनं, त्यात चित्रं जवळजवळ नव्हतीच. ते पहिल्याच बैठकीत मागे पडलं. तिसरं मराठी, एका निवृत्त मास्तरांनी लिहिलेलं, अजून छापखान्याच्या कच्च्या पानांतच होतं. त्यातली चित्रं मास्तरांनी स्वतः पट्टी धरून काढलेली, एक वर्तुळ मोठं तर शेजारचं लहान.

रोजनिशी लिहायची सवय मला मिशनच्या शाळेतल्या एका सिस्टरनं लावली. ती म्हणायची, घडलं ते वहीत लिही, वाटलं ते देवाला सांग. त्यामुळे माझ्या वह्यांमध्ये नळाच्या वेळा आहेत, भाज्या आहेत, कोण आलं कोण गेलं आहे. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात मात्र पानागणिक एकच नाव दिसतं. ते भिवा परबचं.

भिवा आमच्या प्रयोगशाळेचा हमाल. चौदाव्या वर्षी कुडाळकडून लालबागला मामाकडे आला. मामा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. त्यानं भिवालाही आत चिकटवलं, पण कापसाच्या धुळीनं भिवाला दम लागायला लागला, म्हणून कोणाच्या तरी ओळखीनं तो कॉलेजात आला. १९६० साली त्याला तिथं सोळा वर्षं झाली होती. इंग्रजी येत नव्हतं, पण बाटल्यांवरची अक्षरं त्यानं चित्रं म्हणून पाठ केली होती. सल्फ्युरिकचा नाग, हायड्रोक्लोरिकची शिडी. सोळा वर्षांत त्यानं कोणाच्या हातात चुकीची बाटली दिली नाही. छप्पन्न सालच्या जानेवारीत संचारबंदी होती, तेव्हा हा माणूस गल्लीबोळातून चालत कॉलेजात पोचला होता. का, तर गॅसची मुख्य चावी बंद केली की नाही याची त्याला शंका आली. चावी बंदच होती. तो परत चालत घरी गेला. बाकीचे प्राध्यापक त्याला 'ए भिवा' म्हणायचे, मी 'भिवाजी' म्हणायची. त्यावर तो पहिली दोन वर्षं हसायचा.

त्याची थोरली मुलगी सुभद्रा नुकतीच मॅट्रिकला बसली होती, निकाल यायचा होता. गणितात वर्गात पहिली. (सुभद्रा आता स्वतः आजी आहे. हा मजकूर मी तिला वाचायला दिला तेव्हा तिनं दुरुस्ती केली की पहिली नाही, दुसरी.) तिनं सायन्सला जावं, आपण ज्या टेबलांवरचे डाग सोळा वर्षं पुसले त्या टेबलाशी तिनं परीक्षानळी घेऊन उभं राहावं, एवढं एकच भिवाला हवं होतं.

समितीच्या पहिल्या बैठकीनंतरच्या सोमवारी तो नळ्या धुता धुता म्हणाला, "बाई, सुभद्रा आर्ट्सला जाते म्हणते."

"का हो? गणित चांगलं आहे ना तिचं?"

"गणित चांगलं आहे. पण मी तिला आपल्या कपाटातलं जुनं इंग्रजी पुस्तक नेऊन दाखवलं. दोन पानं वाचली डिक्शनरी घेऊन, नि मिटलं. म्हणाली, बाबा, ह्या पुस्तकाक दारच नाय, आत शिरू खयसून?"

"मग आता?"

"आता तुमची कमिटी. जोडीचं पुस्तक कळण्यासारखं निघालं तर सायन्स, नाहीतर आर्ट्स. फॉर्म जूनमध्ये भरायचा आहे." नळी उजेडात धरून त्यानं आत पाहिलं. "मी काय तुमच्यावर जोर नाय करत. जे चांगलं असेल तेच निवडा. मी आपलं सांगून ठेवलं."

वाटाण्यांचं काय झालं ते आधी सांगते. तांब्याच्या स्फटिकात प्रत्येक अणूला बारा शेजारी असतात. एका गोटीभोवती त्याच मापाच्या गोट्या चिकटवत गेलं तर भोवती सहा बसतात, वर तीन, खाली तीन. तसं मला करून पाहायचं होतं. रविवारी सकाळी मी एक वाटाणा मध्ये धरून त्याला केरसुणीच्या हिरांनी बारा वाटाणे टोचायला बसले. सहा नीट बसले. सातवा लावला की दुसरा सुटायचा. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, "हे काय, वाटाण्यांना सुया देताय?" दुपारी त्यांची उसळच झाली.

मग मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. नऊ तारखेच्या बैठकीत आम्ही चौघांनी पुस्तकांवर मतं दिली. पहिल्या इंग्रजी पुस्तकासमोर मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'चित्रे: उत्तम'. चित्रं सुबक होती, रंगीत होती, आणि त्यातलं एकही मी उभं करून पाहिलेलं नव्हतं. मराठी पुस्तकासमोर लिहिलं, 'चित्रे: ओबडधोबड'. तेवीस तारखेला शेवटची बैठक ठेवून गंगाधरपंतांनी सभा संपवली. पहिलं पुस्तक जवळपास ठरलंच होतं.

सोमवारी, अकरा तारखेला, ते पुस्तक माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं. भिवा फडकं घेऊन आला आणि थांबला.

"बाई, ह्यो कंदील कोणी काढलो?"

"कंदील नाही हो, ते तांबं आहे. हे बारा ठिपके म्हणजे बारा शेजारी. मधला अणू आत."

"आत दिवा ना? मग कंदीलच." त्यानं बोट न टेकवता ठिपके मोजले. "बारा गाठी. सहा चौकोन, आठ त्रिकोण. आमचा मामा दर दिवाळीला चाळीचे सगळे कंदील बांधायचा, मी त्याच्या हाताखाली होतो. हा उद्या बांधून आणतो तुम्हाला."

मंगळवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा घेऊन आला. टेबलावर ठेवला. सांगाडा जरा वाकडाच दिसत होता, आणि भिवाचा चेहराही.

"बाई, चित्रात आहे तसाच बांधलाय, काडीला काडी मोजून. पण हा फसलेला कंदील आहे."

"म्हणजे कसा?"

त्यानं मला समजावलं. त्याच्या मामाची रीत अशी: आधी तीन चौकोन कोपऱ्याला कोपरा बांधून एक टोपी करायची, तशीच दुसरी करायची, आणि एका टोपीवर दुसरी उलटी बसवायची. बसवताना वरच्या चौकोनाखाली खालचा त्रिकोण यायला हवा. नवशिक्या माणूस घाईत चौकोनाखाली चौकोनच आणतो. मग तीन जागी कामटीवर कामटी येते आणि तीन जागी कामटीच राहत नाही. तिथला कागद पहिल्या वाऱ्याला फाटतो. असा कंदील मामानं भिवाच्या डोक्यात घातला होता, एकदा.

मी पान उलटलं. पुढच्याच पानावर मॅग्नेशियमचं चित्र होतं, आणि ते चित्र म्हणजे मामाचा चांगला कंदील होता. मग मी दोन्ही पानांवरचा मजकूर वाचला, आणि भिवाला मराठीत करून सांगितला. मजकूर बरोबर होता. तांब्यात वरचे तीन शेजारी ज्या खळग्यांत बसतात, त्याखालचे खळगे सोडून खालचे तीन उरलेल्या खळग्यांत बसतात. मॅग्नेशियममध्ये खालचे तीन वरच्या तिघांच्या बरोबर खाली येतात. म्हणजे चांगला कंदील तांब्याचा आणि फसलेला मॅग्नेशियमचा. छापणाऱ्यानं चित्रांची अदलाबदल केली होती, आणि मी त्याला 'उत्तम' म्हटलं होतं.

भिवाला त्या चुकीचं काही वाटलं नाही. त्याला दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता.

"म्हणजे बाई, देवसुद्धा कंदील फसवतो?"

"फसवत नाही हो. मॅग्नेशियमला तसाच आवडतो."

"मामा असता तर त्याला सांगितलं असतं," भिवा म्हणाला आणि इतका हसला की दारातून जाणारी दोन मुलं थांबून बघायला लागली. "उगीच डोक्यात घातलान माझ्या!"

आता मराठी पुस्तकही तसंच तपासायला हवं होतं, आणि या वेळी बांधून. भिवा म्हणाला, "सुभद्रा वाचेल, मी चित्र न बघता बांधीन. वाचून बांधता आलं तर पुस्तक खरं." इतकी सोपी परीक्षा मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

रविवारी, सतरा तारखेला, मी लालबागला त्यांच्या चाळीत गेले. भिवा गॅलरीत पाट टाकून बसला होता, समोर तासलेल्या कामट्यांचा ढीग. सुभद्रा उंबऱ्यात बसून खणखणीत आवाजात वाचत होती. दोन वेण्या, नाकावर सरकणारा चष्मा. भिवाची बायको जाईबाई मला सोलकढीचा पेला देऊन म्हणाली, "बाईनू, ह्येंका काय झाला ता तुमीच बघा. आठ दिवस घरात काड्येच काड्ये. पाय ठेवूक जागा नाय."

शेजारच्या खोलीतला रामजी गिरणीतून पाळी करून आला होता. तो कठड्याला टेकून म्हणाला, "काय रे भिवा, चैतात दिवाळी?"

"दिवाळी नाय रे. ह्या तांबा आसा."

"तांबा?"

"तांब्याचो कंदील."

"अरे, सरळ सांग ना! एक तारखेक म्हाराष्ट्र येता म्हणान बांधतंस. माका पण एक होयो. तांब्याचो नको, कागदाचोच कर."

भिवानं फसलेला सांगाडा वर उचलून त्याला मॅग्नेशियम दाखवायचा प्रयत्न केला. रामजी म्हणाला, "हो फसललो माका नको." खालच्या मजल्यावरून एका बाईनं ओरडून विचारलं की एक तारखेचे कंदील कोण बांधतंय, आणि रामजीनं वरूनच सांगून टाकलं. अर्ध्या तासात भिवाकडे नऊ कंदिलांची मागणी आली. त्यानं एकालाही नाही म्हटलं नाही. मला हळूच म्हणाला, "करूया. महाराष्ट्र रोज थोडाच येतो?"

सुभद्रा वाचत होती. 'आता खालच्या थरातील तीन गोट्या वरच्या थराच्या मोकळ्या खळग्यांखाली येतील अशा ठेवा.' भिवानं खालची टोपी फिरवली, बारावी गाठ मारली आणि सांगाडा हातावर उचलला. चारी बाजूंनी सारखा. मग तिनं मॅग्नेशियम वाचलं, आणि जसा हवा तसा फसलेला कंदील झाला. मग मी दोन्ही सांगाडे चित्रांशी ताडून पाहिले. मास्तरांची ही चित्रं वेडीवाकडी होती, पण बरोबर होती.

त्यानंतर मीठ. मिठात सोडियम आणि क्लोरिन आळीपाळीनं बसतात, एकाच जातीचे दोघे कधी शेजारी येत नाहीत. भिवानं गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणून गोळे केले होते, अर्धे काजळीनं काळे केलेले. मिठापुरतं चित्र बघायचं ठरलं होतं. तो चित्राप्रमाणे रचत गेला आणि एका कोपऱ्यात दोन काळे गोळे शेजारी आले. त्यानं मोडून पुन्हा रचलं. पुन्हा आले.

"बाबा, चित्रच चुकलंय," सुभद्रा म्हणाली. "हा काळा पांढरा पाहिजे होता."

भिवानं तो काळा गोळा उचलून हातात घेतला. मग हळूच तिला म्हणाला, "ता समितीत काय सांगू नको हां. एकच तर गोळो आसा."

त्याच दिवशी माझ्या अहवालात मी ती चूक लिहिली, पान आणि कोपऱ्यासकट. भिवाला ते सांगायचं धैर्य मला झालं नाही.

तेवीस तारखेला आम्ही तिघं ट्रामनं निघालो. मी, भिवा आणि सुभद्रा. भिवाच्या एका हातात दोन कंदील, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत सुटे चौकोन. कंडक्टर म्हणाला, "ह्या कंदिलांचं तिकीट कोण काढणार?"

"मांडीवर बसतात," भिवा म्हणाला. "मांडीवरच्याला तिकीट नसतं."

"पाच वर्षांखालच्याला नसतं."

"हे आठ दिवसांचे आहेत."

पायधुणीला उतरून आम्ही गिरगावापर्यंत चालत गेलो. समितीची जागा एका छापखान्याच्या माडीवर होती. गंगाधरपंत गिरगावच्याच चाळीत वाढलेले, साठीला आलेले, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट. माटुंग्याचे एक तरुण प्राध्यापक होते, ते फार बोलत नसत. चौथे सभासद त्या दिवशी आलेच नाहीत.

"अहो कौसल्याबाई," गंगाधरपंत म्हणाले, "समितीला आलात की वरातीला?"

"समितीला. पण आधी माझी चूक नोंदवून घ्या. नऊ तारखेला मी 'चित्रे: उत्तम' लिहिलं ते चित्रं न बांधता लिहिलं."

"चित्रं बांधायची असतात हे मी आज प्रथम ऐकतोय."

मी सगळं सांगितलं. त्यांनी इंग्रजी पुस्तक पुढे ओढून दोन्ही पानं पाहिली, चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. मग पुस्तक मिटून म्हणाले, "स्पष्ट बोलतो. आठ दिवसांनी महाराष्ट्र होतोय. मी स्वतः मोर्चात चाललो आहे, माझ्या पायाला फोड आलेले माझ्या बायकोनं पाहिले आहेत. पण मोर्चाच्या भरात मराठी पुस्तक उचललं असं उद्या कोणी म्हणता कामा नये. कपड्याच्या दुकानात बसल्यासारखं सुबक नि ओबडधोबड मला नको. परीक्षा करा."

"मग बांधा," मी म्हटलं.

"कोण, मी? अहो, आमच्या चाळीचे कंदील मी बांधलेत. मला काय शिकवता!"

त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला आणि सतरंजीवर मांडी घातली. भिवानं त्यांच्यापुढे सहा चौकोन ठेवले, माटुंग्याच्या प्राध्यापकांपुढे सहा. गंगाधरपंतांनी इंग्रजी पुस्तकातलं तांब्याचं चित्र बघून बांधायचं, प्राध्यापकांनी सुभद्रा मराठी पुस्तकातून वाचेल तसं. मध्येच भिवाचा दोरा संपला. माझ्या पर्समध्ये शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचं रीळ होतं, ते मी दिलं. गाठी मारताना गंगाधरपंत जिभेचं टोक दातांत धरून बसले होते. खालच्या मजल्यावरचे टाइपाचे खिळे जुळवणारे दोघं कामगार जिन्यावर येऊन उभे राहिले.

प्राध्यापकांनी आयुष्यात कंदील बांधलेला नव्हता. त्यांनी सुभद्राला दोनदा थांबवून वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि त्यांचा कंदील पहिल्या फटक्यात नीट आला. आपल्या हातून हे झालं यावर त्यांचा विश्वास बसेना. गंगाधरपंतांनी शेवटची गाठ मारली, सांगाडा वर धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा... हा फसला."

"फसला नाय सर," भिवा अदबीनं म्हणाला. "तुमचा मॅग्नेशियम झाला."

पहिल्यांदा जिन्यावरचे कामगार हसले. मग प्राध्यापक. गंगाधरपंत सगळ्यांत शेवटी हसले, पण ते जे हसायला लागले ते थांबेनातच. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. "चाळीस वर्षं रसायन शिकवतोय," ते म्हणाले, "आणि लहानपणी फसलेल्या कंदिलावरून आईचा मार खाल्ला तो मॅग्नेशियमपायी!"

आता मराठी पुस्तक ठरल्यातच जमा होतं. भिवा उरलेले सुटे चौकोन पिशवीत भरायला लागला होता. तेवढ्यात सुभद्रा उभी राहिली.

"सर, मराठी पुस्तकातपण एक चूक आहे."

भिवाचा हात पिशवीतच थांबला.

"मिठाच्या चित्रात. ह्या कोपऱ्यात दोन काळे शेजारी आलेत. ते येऊच शकत नाहीत." तिनं कच्चं पान त्यांच्यापुढे धरलं. तिचा आवाज खणखणीत होता.

गंगाधरपंतांनी पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या अहवालातलं शेवटचं पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ते त्यांनी वाचलं. "तुम्ही हिला दाखवली ही चूक?"

"नाही. तिनंच शोधली. मी नुसती लिहिली."

"नाव काय तुझं?"

"सुभद्रा परब."

"मॅट्रिक?"

"ह्या वर्षी बसलेय. निकाल जूनमध्ये."

त्यांनी कोट अंगात घातला, बटणं लावली, आणि अध्यक्ष झाले. "मॅट्रिकची मुलगी ज्या पुस्तकातली चूक शोधू शकते ते पुस्तक तिला समजलंय, एवढं मला पुरे. इंग्रजी पुस्तकातलं चुकीचं चित्र आपण दोघांनी नऊ तारखेला पाहिलं आणि वाहवा केली. नोंदवा. मराठी पुस्तक, मिठाचं चित्र दुरुस्त करून. हे भिवाजी शाडूचं जे काय करतात त्यावरून चित्रकारानं नवीन काढायचं. इंग्रजी पुस्तकवाल्यांना अदलाबदलीबद्दल पत्र. भिवाजी, पूर्ण नाव सांगा, अहवालात लिहायचंय."

"भिवा... भिवा सोमा परब," भिवा म्हणाला. कोणी आपलं पूर्ण नाव विचारण्याची त्याला सवय नव्हती. मग जाता जाता गंगाधरपंत म्हणाले, "माझा तेवढा तांबं करून द्या. नातवाला दाखवतो." भिवानं खालची टोपी सोडवली, फिरवली, बांधली, आणि दोन मिनिटांत त्यांच्या हातात दिला.

परतीच्या ट्राममध्ये सुभद्रा माझ्या शेजारी बसली होती. भायखळा गेल्यावर तिनं विचारलं, "बाई, सायन्सचा फॉर्म निकालाच्या आधी मिळतो का?"

मी म्हटलं मिळतो. समोरच्या बाकावर भिवा मांडीवरचे उरलेले कंदील दोन्ही हातांनी धरून रस्त्याकडे बघत बसला होता. त्यानं ऐकलं होतं. एरवी स्टॉप आला की आधीच उठणारा माणूस, त्या दिवशी लालबाग गेलं तरी बसून राहिला. शेवटी सुभद्रानंच त्याला हलवलं.

भिवा १९७६ साली निवृत्त झाला. मिठाचं ते शाडूचं मॉडेल तोवर काचेच्या कपाटात होतं. वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला सहा चौकोन वाटायचे, हा नियम आम्ही १९६० च्या जूनपासूनच सुरू केला, आणि दर वर्षी निम्म्या वर्गाचा मॅग्नेशियम व्हायचा. भिवा दारात उभा राहून मोजायचा.

मराठी पुस्तकाची पहिली छापील प्रत माझ्याकडे आहे. शेवटच्या बैठकीनंतरच्या शनिवारची नोंदही आहे, ती इथे उतरवते.

शनिवार, ३० एप्रिल १९६०. नळ पाच पंधराला आला. कॉलेजला अर्धा दिवस. संध्याकाळी भिवाच्या चाळीत गेले. गॅलऱ्यांत सतरा कंदील मोजले. एक मॅग्नेशियमचा, तो भिवाच्या दाराशी. तीन जागी त्यानं कागद दुहेरी लावलाय, फाटणार नाही म्हणतो. जाईबाईंनी तांदळाची बोरं दिली. सुभद्राला सायन्सचा फॉर्म नेऊन दिला, तिनं उभ्या उभ्याच भरला. रामजी म्हणाला, पुढच्या वर्षी तांब्याचा पण चालेल. साडेसातला घरी. उद्यासाठी ह्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलं. घरात पांढरा दोरा उरलेला नाही.